निथळ

उद्यमबागेत तिसऱ्या गल्लीला, फौंड्रीच्या मागच्या अंगाला
आमचं प्लेटिंगचं शेड.
पाटी दोन भाषांत होती.
ॲसिडच्या वाफेनं कुठलीच सोडली नाही.

अप्पा क्रोमच्या टाकीवर सत्तावीस वर्षं.
नाकातल्या पडद्याला भोक पडलेलं.
डॉक्टरनं बॅटरी मारून दाखवलं मला:
एका नाकपुडीतला उजेड दुसरीतून बाहेर.
येळ्ळूरच्या वाटेवर बासमती निसवला की
लोक सायकली हळू करायचे,
अप्पा तसेच पायडल मारत पुढं.

टाकीनंतरचं पिवळं धोवण मोरीत,
मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात,
नाल्यातून शिवारात.
कुठं जातंय, आम्ही विचारलं नाही.
उतार होता, पाणी जात होतं.

आई तांदळाचं धोवण दारच्या अळूला घालायची.
धोवण म्हटलं की मी मुद्दाम ते आठवायचो,
दुसरं आठवू नये म्हणून.

मग नोटीस आली.
खोटं कशाला सांगू,
अक्कल नोटिशीच्या मागनं आली.

कुमुदिनी पाच्छापुरे नावाची पोरगी आली सल्ला द्यायला,
पायात गमबूट, हातात एक पेला.
मी मशीनचा भाव विचारत होतो.
ती म्हणाली, मशीन नंतर. आधी हात थांबवा.
जिग वर उचलला की पळवता कशाला?
दहा मोजा. निथळू द्या.
हे जे थेंब थेंब नाल्याला चाललंय,
ते तुमचंच निकेल, रोख पैसे देऊन आणलेलं.

धुवायच्या चार टाक्या मांडल्या ओळीनं.
माल इकडून तिकडं,
पाणी तिकडून इकडं.
शेवटच्या टाकीत तळाची वेल्डिंग दिसते,
पहिलीतलं पाणी कच्च्या पेरूच्या सालीसारखं हिरवट.
तेच गाळून परत निकेलच्या टाकीत,
रात्री वाफेनं जेवढं उडालं तेवढंच.
क्रोमसाठी रेझिनचे खांब घेतले पुढच्या साली,
हप्ते अजून चालू आहेत.

आता मोजण्याची गोष्ट.
भरमू कणबरकर मराठीत मोजायचा,
एकदोनतीनचार, सुटलेली बस पकडायची असल्यासारखा.
निंगव्वा कन्नडातून,
ओंदु... एरडु... मूरु... नाल्कु...
शेवटी ओंबत्तु म्हणेपर्यंत जिगचं टोक कोरडं.
महिनाअखेरी वही उघडली तर
तिच्या पाळीत निकेल कमी लागलेलं.
भरमू तापला. माझं दहा काय खोटं हाय?
खोटं नाही रे, म्हटलं, आखूड आहे.
चार दिवस गुरगुरला,
पाचव्या दिवशी ओंदु एरडु करू लागला.
बायको परवा तक्रार सांगत होती,
झोपेत बडबडतात, हत्तु झालं, हत्तु झालं,
कोण ही हत्तु?

परवा अप्पांना घेऊन आलो शेडवर.
मोरीच्या तोंडाशी थांबले.
तिथं आता सिमेंट, वर निंगव्वाची डब्याची पिशवी.
काठीनं ठोकून बघितलं दोनदा.
मग घाण कुठं गेली की रे?

गेली नाही, अप्पा.
कोपऱ्यात नेऊन दाखवलं:
पत्र्याच्या सावलीला चार पोती,
हिरवा चिखल दाबून वाळवलेला,
पोत्यांवर तारीख, वजन, माझी सही.
पूर्वी किती भरली असती, मोजायला काहीच ठेवलं नव्हतं आम्ही.
महिन्याला गाडी येते न्यायला.
चाराची तीन होतील कदाचित. शून्य होणार नाहीत,
कुमुदिनीनं आधीच सांगितलंय.

अप्पा पोत्यांपुढं बराच वेळ उभे.
एकाचं तोंड नीट बांधलेलं नव्हतं,
त्यांनी सुतळी ओढून गाठ मारली,
तांदळाच्या पोत्याला मारतात तशी.
मग सवयीनं वास घ्यायला वाकले,
अर्ध्यावर थांबले,
आणि सरळ झाले.